न वाळणारा पिवळा

रंग या शब्दावर आमच्या भाषेची फार जुनी मेहेरनजर आहे. मैफलीला रंग चढतो, ठरलेल्या बेताचा बेरंग होतो, वेळ येतांच माणसें आपले रंग दाखवितात, आणि दोन घटकांच्या गप्पांनाहि रंग भरतो. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. ती ही कीं, रंग म्हणजे मागाहून येणारें, शोभेचें आणि प्रसंगीं नसलें तरी चालणारें असें कांहीं तरी आहे. वस्तु आधीं, रंग मग. हा समज किती अपुरा आहे हें ज्यांस प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांनीं भर पावसाळ्यांत, खाडीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या ठाण्यासारख्या गांवीं, वीतभर लांबीच्या प्लास्टिकच्या हेलिकॉप्टरला पिवळा रंग देऊन पाहावा.

सेवानिवृत्त झाल्यावर कोणी गीतेवर प्रवचनें करितात, कोणी गृहनिर्माण संस्थेच्या हिशेबांतील चुका काढितात. आम्ही विमानांच्या लहान प्रतिकृति जोडतों. या छंदाविषयीं घरांत फारसें चांगलें मत नाहीं, पण तो बैठा आणि मुका असल्यामुळें चालवून घेतला जातो. ज्या वाचकांस त्याची ओळख नसेल त्यांच्यासाठीं इतकेंच सांगतों कीं, खऱ्या यंत्राच्या बहात्तराव्या हिश्शाएवढे प्लास्टिकचे सुटे भाग एका खोक्यांत घालून विकतात, आणि ते चिकटवून, घांसून, रंगवून घेणाऱ्यानें तें यंत्र आपल्या टेबलावर उभें करावयाचें असतें. बहात्तर हा आंकडा मनमानी नाहीं. सहा फुटांना एक इंच असें धरलें म्हणजे तो येतो. म्हणून या जगांत माणूस इंचभर, किंवा त्याहून थोडा कमीच भरतो. इंग्लंडांत 1936 सालीं 'फ्रॉग' या नांवाखालीं प्लास्टिकच्या विमानांची 'पेंग्विन' मालिका याच प्रमाणांत निघाली, आणि पुढें हें माप रूढ झालें.

आमच्या इमारतींत तळमजल्यावर एक मुलगा राहतो. पांचवींत आहे. त्याच्या मामानें परदेशांतून येतांना त्याला असेंच एक खोकें आणून दिलें. आंत 'सी किंग' जातीचें हेलिकॉप्टर होतें, आणि खोक्यावरचें चित्र इंग्लंडच्या शाही हवाई दलाचें, समुद्रांतून माणसें उचलणारें, पिवळें धमक असें होतें. त्या दलानें हीं पिवळीं हेलिकॉप्टरें 1978 पासून 2015 पर्यंत वापरलीं. रंगाच्या इवल्या डब्याहि खोक्यांतच होत्या. मुलानें सुटे भाग आमच्याकडे येऊन नीट जोडले. रंग मात्र, अतिवृष्टीमुळें शाळेला सुट्टी मिळाली त्या दिवशीं, घरींच, एकट्यानें, एका बैठकींत लावून टाकला. मृग लागून पंधरा दिवस झाले होते.

तीन आठवड्यांनीं तो तें हेलिकॉप्टर दोन बोटांच्या चिमटींत धरून आमच्याकडे आला, तेव्हां त्या दोन बोटांचे ठसे त्यावर उमटले होते. रंग अजून चिकटच होता. एवढ्या अवधींत त्यानें काय काय गोळा केलें होतें तें पाहण्यासारखें होतें: वर्तमानपत्रांतील अक्षरांची उलटी छाप, एका डासाचा पंख, मांजराचे केस, आणि पांच-सहा तांदूळ. तांदळांचा उलगडा असा झाला कीं, आंबे पिकत घालतात त्याप्रमाणें, आजीच्या सल्ल्यानें, त्यानें तें दोन दिवस तांदळाच्या डब्यांत पुरून ठेवलें होतें.

वाचकांस हंसूं येईल. पण आजीबाईंच्या मनांत आलेली उपमा रसायनशास्त्रापासून फार दूरची नाहीं. बाजारांत ज्याला इनॅमल म्हणतात तो तेलाच्या वंशाचा रंग पंचासारखा वाळत नाहीं. तो आंब्यासारखा पिकतो. त्यांतील पातळ द्रव उडून जाणें हें अर्धेंच काम, आणि तें कांहीं तासांत आटोपतें. उरलेलें काम हवेंतील प्राणवायूचें. जवसाचें तेल उघड्यावर ठेवलें असतां त्यावर जशी साय धरते आणि पुढें ती चिवट होते, त्याच रीतीनें या रंगांतील तेलकट रेणु प्राणवायूच्या योगानें एकमेकांत गुंफले जाऊन त्यांचें जाळें बनतें. हें विणकाम लवकर व्हावें म्हणून कारखानदार त्यांत कोबाल्टसारख्या धातूंचे क्षार चिमटीभर घालतात. डबी वर्षानुवर्षें पडून राहिली तर हे क्षार रंगद्रव्याच्या कणांनाच बिलगून बसतात व कामास येत नाहींत. मग रंग दिसावयास ताजा पण स्वभावानें आळशी असा निघतो. त्यांत थर जाड असला म्हणजे वरची साय आधीं धरते, प्राणवायूची वाट बंद होते, आणि आंतला रंग ओला तो ओलाच राहतो. पावसाळ्याची दमट हवा ही या सर्वांवर कडी.

पिवळ्याचें तर आणखी एक दुखणें आहे. पूर्वींचा भडक पिवळा शिशाच्या क्रोमेटाचा असे, आणि खालचें सारें एका हातांत झांकून टाकण्याची त्याची ताकद मोठी होती. पण शिसें हें विष, आणि तें मुलांच्या मेंदूला सर्वांत अधिक बाधतें; म्हणून रंगांतून त्याची हळूहळू हकालपट्टी झाली. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक असूं नये, असा नियम 2016 सालीं करण्यांत आला. शिशाच्या जागीं आलेलीं सेंद्रिय पिवळीं द्रव्यें त्या मानानें सौम्य, पण अंगानें पातळ. त्यांच्याखालून प्लास्टिक डोकावत राहतें, आणि रंगविणारा कुंचला पुन्हां पुन्हां डबींत बुडवीत राहतो. हा सौदा आम्हांस मान्य आहे. कुंचल्याचें टोंक ओठांत धरून निमुळतें करण्याची ज्या वयांत संवय असते, त्या वयाच्या हातीं शिसें देण्यापेक्षां चार थर अधिक लागलेले पुरवले.

मुलाची मागणी साधी होती. वरून लवकर वाळणारा दुसरा पिवळा मारावा, म्हणजे चिकटपणा झांकून जाईल. आम्हीं त्याला मापाचा हिशेब सांगितला. कुंचल्यानें दिलेला जाड थर मिलीमीटरच्या दशांशाएवढा धरला, तरी बहात्तर पटींनीं तो सात मिलीमीटरांच्या वर जातो. खऱ्या हेलिकॉप्टरच्या अंगावर पेन्सिलीच्या जाडीएवढा रंग थापला तर तें दिसेल कसें आणि उडेल कसें, याचा त्यानें विचार करावा. शिवाय ओल्या थरावर कडक थर बसविला म्हणजे खालचा हलत राहतो आणि वरच्याला भेगा पडतात. मुलानें ऐकून घेतलें, पण त्याला पटलेलें दिसलें नाहीं. "पण आजोबा, वरून छान दिसलं तर कोणाला कळणार आहे?" असें तो म्हणाला. या प्रश्नाचें उत्तर चार दिवसांनीं त्याच्या वडिलांनीं दिलें.

हे गृहस्थ रंगारी आहेत. पण भिंतींचे नव्हेत. मुंबईच्या पश्चिमेस सुमारें 160 किलोमीटरांवर, भर समुद्रांत, तेलाच्या विहिरींवर जे लोखंडी फलाट उभे आहेत, ते खरवडून त्यांना रंग देणें हा त्यांचा व्यवसाय. महिना महिना ते तिकडेच असतात. घरीं आले त्याच संध्याकाळीं मुलाला घेऊन ते आमच्याकडे आले. त्यांनीं हेलिकॉप्टर हातीं घेतलें, पोटाखालीं अंगठ्याचें नख रोवून पाहिलें, वास घेतला, आणि रंग कोणता, कोठला, कोणीं लावला यांपैकीं कांहींच न विचारतां एवढेंच विचारलें, "त्या दिवशीं हवेंत पाणी किती होतं?"

मुलगा आमच्याकडे पाहूं लागला. तेव्हां त्यांनीं आपल्या धंद्याचा दंडक आम्हां दोघांस सांगितला. हवेंतील आर्द्रता शेंकडा 85 च्या वर गेली, किंवा लोखंडाचें तपमान दवबिंदूच्या वर निदान तीन अंश नसलें, कीं डबा उघडावयाचा नाहीं, मग वरचा साहेब कितीहि ओरडो. लोखंड आधीं वाळूसारख्या खरखरीत कणांच्या माऱ्यानें चकचकीत होईपर्यंत सोलावयाचें, आणि त्यावर पुन्हां गंजाची झांक येण्यापूर्वीं, कांहीं तासांच्या आंत, प्रायमर द्यावयाचा. मधल्या वेळांत कोणाचा घामट हात लागला तरी त्या जागीं पुढें फोड येतो. "वरून छान दिसलं तर चालतं," मुलाकडे न पाहतां ते म्हणाले, "पण एकच पावसाळा." आणि मग आम्हांस: "काका, हा काढावा लागेल. सगळा."

मुलानें नाइलाजानें मान हालविली. काढल्यावर पुन्हां पिवळाच द्यावयाचा ना, एवढें त्यानें विचारून घेतलें. त्यावर वडील थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत.

"पिवळं नव्हतं रे," ते म्हणाले. "आमचं राखी होतं."

येथें वाचकांस मागची हकीकत सांगणें जरूर आहे. मे 2021 मध्यें तौक्ते नांवाचें चक्रीवादळ पश्चिम किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां तेलक्षेत्रांतील कामगारांचे मोठमोठे तराफे नांगर तुटून वाहूं लागले. पी-305 या तराफ्यावर 261 माणसें होतीं. 17 मे रोजीं तो बुडाला, आणि त्यांतील पुष्कळजण परत आले नाहींत. उत्तरेकडे वाहत गेलेल्या दुसऱ्या एका तराफ्यावर 137 माणसें होतीं. तीं सर्व वांचलीं, आणि त्यांपैकीं कित्येकांना नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांनीं उचलून आणलें. आमचे हे शेजारी त्या उचललेल्यांपैकीं एक. मुलगा त्या वेळीं बालवर्गांत होता. हकीकत सगळ्या इमारतीला ठाऊक होती; पण त्यांच्या तोंडून ती कोणीं कधीं ऐकली नव्हती, आणि कोणीं विचारलीहि नव्हती.

मूळ अमेरिकेंतील सिकोर्स्की कंपनीच्या आराखड्यावरून इंग्लंडांत वेस्टलँड कारखान्यानें बांधलेलीं हीं हेलिकॉप्टरें आपल्या नौदलांत 1971 सालीं आलीं. वरचा पंखा पांच पात्यांचा, जवळजवळ 19 मीटर व्यासाचा. प्रतिकृतींत तो 26 सेंटीमीटरांचा होतो. परंतु या यंत्राचा खरा विशेष त्याच्या पोटांत आहे. प्रसंग पडल्यास पाण्यावर टेकतां यावें म्हणून तें होडीच्या तळासारखें घडविलें आहे. छायाचित्रांत तें सहसा नीट दिसत नाहीं, कारण छायाचित्र काढणारे बाजूनें काढतात. टेबलावर ठेवलेल्या प्रतिकृतींत तर मुळींच दिसत नाहीं. आमच्या छंदांतील मंडळी पोटाच्या रंगाकडे म्हणूनच काणाडोळा करितात. "मला दुसरं कांहीं दिसलंच नाहीं," शेजारी म्हणाले. "होडी वर, आणि आम्ही खालीं."

रंग काढणें हें लावण्याहून नाजूक काम आहे. हें प्लास्टिक पॉलिस्टायरीन जातीचें. त्याला ॲसिटोन किंवा लॅकरचा थिनर लावला तर रंगाबरोबर हेलिकॉप्टरहि विरघळतें. त्याहून सौम्य औषध बहुतेक घरांत असतें, तें म्हणजे डेटॉल. त्यांतील पाइनचें तेल आणि अल्कोहोल मिळून रंगाला मऊ करितात व प्लास्टिकला सहसा धक्का लावीत नाहींत. पथ्य मात्र एक कडक आहे: रंग निघेपर्यंत पाण्याचा थेंब लागूं द्यावयाचा नाहीं. पाणी मिळालें कीं सुटलेल्या रंगाचा डिंकासारखा राप होतो, आणि तो घांसाल तितका पसरतो. म्हणून कोऱ्या डेटॉलमध्यें एक दिवस बुडवून ठेवावें, हातमोजे घालून जुन्या दांतांच्या ब्रशानें घांसावें, निघालेला चिखल कोरड्या फडक्यानें पुसावा, पुन्हां नव्या डेटॉलनें घांसावें, आणि शेवटीं साबणाच्या पाण्यांत घालावें. आमच्या सौभाग्यवतींनीं पहिली बाटली रिकामी होतांना पाहिली आणि दुसरी कपाटांत कुलूपबंद केली. तिसरी आम्हीं विकत आणली. दोन दिवस जिन्यांत इस्पितळाचा दरवळ होता, आणि वरच्या मजल्यावरील दोन कुटुंबांनीं दार वाजवून कोण आजारी आहे अशी आस्थेनें चौकशी केली.

पिवळा गेला, पण बारीक रेघांतून उरलाच. खऱ्या यंत्राचे पत्रे जेथें जुळतात तेथें प्रतिकृतींत केसाएवढ्या खांचा असतात. त्यांत तो दडून बसला होता. मुलगा दांतकोरणी घेऊन तीन संध्याकाळ त्या खांचा कोरीत बसला. दडलेला एक तांदूळहि सांपडला.

नवा रंग आम्हीं ॲक्रिलिक निवडला. तो पिकत नाहीं, त्यांतील पाणी किंवा अल्कोहोल उडून तो वाळतो, आणि म्हणून पावसाळ्यांत त्याचा भरंवसा अधिक. तरी शेजाऱ्यांनीं आपला आर्द्रतामापक आणून आमच्या टेबलावर ठेवला, आणि कांटा 85 च्या खालीं येईपर्यंत डबी उघडण्यास मनाई केली. सहा दिवस तो खालीं आला नाहीं. गणपतीच्या कारखान्यांतील मंडळी दर वर्षीं याच दिवसांत शेंकडों मूर्ति रंगवून वेळेवर कशा हातावेगळ्या करीत असतील, याचें आम्हांस त्या सहा दिवसांत फार कौतुक वाटलें. मुलाला रिकामा वेळ काढणें जड जाऊं लागलें, तेव्हां आम्हीं त्याला खऱ्या हेलिकॉप्टरच्या रंगाविषयीं सांगितलें. समुद्रावर उडणाऱ्या यंत्राच्या अंगावर मीठ बसतें. त्याच्या गिअरबॉक्सची पेटी वजन वांचविण्यासाठीं पुष्कळदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, आणि मीठ मॅग्नेशियमला फार लवकर खातें. म्हणून तें उतरल्यावर गोड्या पाण्यानें धुतात, आणि रंगाचा टवका उडालेला दिसला तर ती जागा साफ करून तेवढ्यापुरता नवा रंग भरतात. अशा ठिगळांची छटा मूळ रंगाशीं तंतोतंत जुळत नाहीं. समुद्रावर काम केलेलें यंत्र त्यावरून ओळखूं येतें.

श्रावणांतल्या एका रविवारीं कांटा 74 वर आला. काचांना चिकटपट्टी लावून आम्हीं पातळ अस्तर दिलें, तें वाळल्यावर राखीचा पहिला हात, आणि येथें नवा वाद उभा राहिला. राखी म्हणजे कोणता राखी? आमच्याजवळ नौदलाच्या सी किंगचीं तीन छायाचित्रें होतीं, आणि त्यांत तीन छटा होत्या. एक निळसर, एक उन्हानें विटलेली, एक मधली. आम्हीं मधली कालविली. शेजाऱ्यांनीं पाहून मान हालविली: याहून गडद. आम्हीं काळ्याचे दोन थेंब घातले. याहून गडद. आणखी दोन. अखेर जी छटा त्यांना पटली ती छायाचित्रांतील कोणत्याहि छटेशीं जुळत नव्हती. जवळजवळ तव्याच्या रंगाची होती.

मुलगा छायाचित्रें पुढें करून त्यांच्याशीं वाद घालूं लागला, आणि पुस्तकी न्यायानें त्याचें म्हणणें बरोबर होतें. पण पावसानें भरलेल्या आकाशापुढें खालून पाहिलेली कोणतीहि वस्तु काळीच दिसते; उजेड तिच्या पाठीवर पडतो, पोट सावलींत राहतें. ज्या मनुष्यानें तें यंत्र आयुष्यांत एकदांच, त्याच बाजूनें, तशाच आकाशापुढें पाहिलें, त्याला छायाचित्र दाखवून खोटें पाडण्याचा अधिकार आम्हांस असावा असें आम्हांस वाटलें नाहीं. म्हणून दोन्ही बाजू आणि पाठ मधल्या राखीनें रंगविली, आणि पोट, होडीच्या कांठापासून खालीं, त्यांच्या राखीनें. ज्या जागेकडे कोणीं वळून पाहूं नये त्या जागेवर आम्हीं चार पातळ हात दिले, प्रत्येक हातामध्यें एक रात्र जाऊं दिली. आमच्या छंदांतील एका स्नेह्यांनीं तें पाहून पोटाचा रंग साफ चुकला आहे असा अभिप्राय दिला. तो आम्हीं ऐकून घेतला.

शेजारी पुन्हां समुद्रावर जावयाचे होते त्याच्या आदल्या रात्रीं प्रतिकृति पुरी झाली. पांच पातीं बसविलीं, उजव्या बाजूच्या दारावर माणसें ओढून घेण्याचें लहानसें विंच बसविलें, आणि मुलानें ती त्यांच्या हातीं दिली. त्यांनीं बाजूंकडे पाहिलें नाहीं. दिव्याखालीं उभें राहून त्यांनीं ती दोन बोटांत धरून डोक्याच्या वर नेली, हात पुरा उंच केला, आणि मान मागें टाकून बराच वेळ पाहत राहिले.

"दाराच्या खालीं ओघळ होते," ते म्हणाले. "तेलाचे."

मुलानें काळ्या रंगांत पाणी घालून तो पातळ केला आणि सर्वांत बारीक कुंचला घेतला.

"सरळ खालीं नको. मागच्या बाजूला ओढ. वारा मागंच नेतो."

"किती होते, बाबा?"

"मोजले नाहींत."

मुलानें तीन काढले.